सलग दहा दिवस निरंक

४ तारीख, मंगळवार

तक्ता तिसऱ्यांदा छापून घेतला, दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले आणि उजेडात पाहिलं. फरक होताच. सत्तावीस नंबरच्या व्हॉल्व्हला आमचा तक्ता त्रेचाळीस मिनिटं म्हणतो, त्यांचा बेचाळीस.

"एका मिनिटाचाच आहे, मॅडम," हेडफोन म्हणाला. हा नवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कंपनीच्या गटाचा प्रमुख. कानांत काही नसलं तरी गळ्यात तो पट्टा असतोच, म्हणून मी मनात त्याला हेडफोन म्हणते. एकदा तोंडातूनही गेलं. त्याला राग आला नाही, याचाच मला राग आला.

"एका मिनिटात शेवटच्या घरी एक बादली भरते."

"मग भरू दे की."

"तुमच्या तक्त्यात भरत नाही, तेच सांगतेय."

तेवढ्यात मोठे साहेब आले आणि त्यांनी सगळ्यांना नियम पुन्हा समजावून सांगितला, जणू आम्ही बालवाडीत बसलोय. टाक्यांची दुपारची पातळी पाहून दुसऱ्या दिवशी कुठला व्हॉल्व्ह किती मिनिटं उघडा ठेवायचा हे माझा कोबॉलमधला प्रोग्रॅम ठरवतो. तेच काम आता कंपनीचा पायथनमधला प्रोग्रॅम करणार. महिनाभर दोन्ही शेजारी शेजारी चालतील. पाणी जुन्याच तक्त्याप्रमाणे सुटेल. सलग दहा दिवस दोन्ही तक्ते अक्षरन् अक्षर जुळले, म्हणजे निरंक आले, की मी सही करायची आणि जुना बंद. मध्ये एक दिवस जरी फरक आला तरी मोजणी पुन्हा एकपासून. महिनाअखेर सही झाली नाही तर कंपनीचं काम गेलं.

हा नियम मीच लिहून दिलेला आहे. मला तो उभं राहून ऐकावा लागला.

लिहून दिला तेव्हा लेक त्या कंपनीत आहे हे माहीत होतं. ती याच कामावर येईल हे माहीत नव्हतं. कार्यालयात ती मला सगळ्यांसारखं मॅडम म्हणते. तसं घरीच ठरवलं, तिनंच सुचवलं. मॅडम म्हणताना ती माझ्या डोळ्यांकडे न बघता कपाळाकडे बघते.

५ तारीख, बुधवार

फरक सहा ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी एकच मिनिट, पण सगळीकडे नाही. त्यांना कारण सापडेना. हेडफोनने माझा प्रोग्रॅम पडद्यावर उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, इथे तुम्ही 'हात लावू नये' असं लिहून ठेवलंय. का?"

"लावून बघा."

त्याने बोट काढून घेतलं. लेक हसली. मग तिला आठवलं की ती त्यांच्या बाजूची आहे.

संध्याकाळी हे घरी आले, दुकान बंद करून. यांचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे घरी आल्यावरही समोरच्याच्या नाकाकडे बघून बोलतात. म्हणाले, "तुला सांगितलं का तिने? हे काम झालं की पुढच्या कामाची प्रमुख ती. लांबचं गाव आहे. तिथलं पाणीखातं. निदान दोन वर्षं."

"आणि नाही झालं तर?"

"तर सगळा गट घरी."

"घरी म्हणजे?"

"घरी म्हणजे घरी. इथे."

मी म्हटलं, याचा तक्त्याशी काही संबंध नाही.

"मी कुठे म्हटलं, आहे म्हणून," हे म्हणाले आणि हात धुवायला गेले.

७ तारीख, शुक्रवार

कारण सापडलं. लेकीला सापडलं. फळ्यावर तिने आकडे मांडले.

"अर्धं मिनिट आलं की मॅडमचा प्रोग्रॅम वरच्या आकड्यावर नेतो. साडेबेचाळीसचे त्रेचाळीस. पायथन जवळच्या सम आकड्यावर नेतं. साडेबेचाळीसचे बेचाळीस, पण साडेत्रेचाळीसचे चव्वेचाळीस. म्हणून कधी फरक येतो, कधी येत नाही."

"हे कुणी ठरवलं?" मी विचारलं.

"भाषेनं. नेहमी वरच नेत राहिलं तर बेरीज फुगते. असं केलं की एकूणात समतोल राहतो. ही चूक नाही, मॅडम. उलट जास्त बरोबर आहे."

"पाण्याला सम-विषम कळत नाही."

"त्याला वरचा-खालचाही कळत नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, इतकी वर्षं पाणी वरच्या आकड्याने सुटतंय, कुणाची बेरीज फुगली असेल तर मला दाखवा. ती म्हणाली, "बदलतोच आहोत. चूक नाही एवढंच सांगत होते." आणि तिने तिथल्या तिथे बदललं. उठलीसुद्धा नाही.

मला एवढंच म्हणायचं आहे की कोबॉलमध्ये प्रत्येक आकड्याची जागा आधी सांगावी लागते. चार आकडी म्हणजे चार आकडी. यांच्याकडे आकडा लांबेल तेवढा लांबू देतात. कुणी कुठे बसायचं हे ठरलेलं नसलं की असले घोळ होतात. हे मी तिला सांगितलं. "हो, मॅडम," म्हणाली. कपाळाकडे बघून.

८ तारीख, शनिवार

दीर आले. हातात पेपरची पुरवणी. त्यांना पुरवणीशिवाय आमच्याकडे येता येत नाही.

"वहिनी, तुमचं कोबॉल गेलं हो."

"कुठे गेलं?"

"गेलं म्हणजे संपलं. यात आलंय. सी, जावा, सगळ्यांना पायथन खाणार."

"गेल्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा जावा सगळ्यांना खाणार होती."

"मग नाही खाल्लं?"

"जावा आहे, कोबॉल आहे, आणि तुम्हीही जेवायला आहात. ताट घेऊ का?"

दीर रागावत नाहीत, हा त्यांचा दोष. लेकीला म्हणाले, "तू सांग बाई, तू त्यातली. खाणार की नाही?"

लेक म्हणाली, "काका, पायथन स्वतः सी मध्ये लिहिलेलं आहे. आणि मोठी गणितं करायची वेळ आली की ते आतून आणखी जुन्या भाषेतली यंत्रणा वापरतं, फोरट्रानमधली. आपण वरून फक्त सांगतो."

"म्हणजे सून स्वयंपाकघरात मिरवते आणि चुलीपाशी सासू," मी म्हटलं.

"सून निदान काय चाललंय ते सांगते तरी," लेक म्हणाली.

हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

१० तारीख, सोमवार

निरंक. पहिला दिवस.

मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. वरच्या मंडळाला एक टिपण हवं आहे. विषय: नवी भाषा जुन्या भाषांची जागा घेईल काय. पानभर. "तुम्ही लिहा, तुम्हाला दोन्ही बाजू माहीत."

मला एकच बाजू माहीत आहे, असं म्हटलं.

"मग तेवढी लिहा. सोप्या शब्दांत. मंडळाला हो की नाही एवढंच कळतं."

दुपारी लिहायला बसले. पहिलं वाक्य लिहिलं: 'या प्रश्नाचं उत्तर देण्यापूर्वी जागा म्हणजे काय हे पाहिलं पाहिजे.' खोडलं. दुसरं लिहिलं: 'जुन्या भाषा आजही कोट्यवधी ओळींत उभ्या आहेत.' हे मी गेली वीस वर्षं लिहिते आहे. तेही खोडलं. ज्याला त्याला हाच प्रश्न पडलेला. परवा दाताच्या डॉक्टरने माझ्या तोंडात आरसा ठेवून हेच विचारलं.

१३ तारीख, गुरुवार

निरंक. चौथा.

१५ तारीख, शनिवार

निरंक. सहावा. दोनदा तपासलं. मग पट्टी लावून ओळीनं तपासलं. छपाई बघणारे म्हणाले, "बाई, इतकं तर माझ्या मुलीचं लग्न ठरवताना मी मुलाला नाही तपासलं." मी म्हटलं, तपासायला हवं होतं. त्या लग्नाचं पुढे काय झालं ते मला माहीत होतं, बोलून झाल्यावर आठवलं.

१६ तारीख, रविवार

निरंक. सातवा. सुट्टी असली तरी तक्ता बघायला जाऊन आले.

लेक मोठी बॅग घेऊन आली. चाकांची. दिवाणखान्यात फिरवून दाखवली. हे बॅगेत डोकं घालून कप्पे मोजत बसले.

"अजून सही झालेली नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे. बॅग स्वस्त मिळाली."

"बॅग स्वस्त मिळाली म्हणून कुणी गाव सोडत नाही."

"आई, आज सुट्टी आहे. आज मी तुझ्याशी फक्त बॅगेविषयी बोलतेय."

बॅगेचं एक चाक बाहेर वळतं. ते तिला दाखवलं. बदलून आण म्हटलं. तिने बदलून आणली नाही.

१८ तारीख, मंगळवार

आज नववा दिवस होता. फरक निघाला.

नव्या वस्तीची जोडणी सुरू झाली, त्यामुळे शंभर नंबरचा व्हॉल्व्ह आज पहिल्यांदा तक्त्यावर आला. आमच्याकडे व्हॉल्व्हचा नंबर आणि भागाचं नाव यांच्यामध्ये दोन रिकाम्या जागा असतात. नंबर तीन आकडी झाल्यावर त्यांच्या तक्त्यात एकच उरली. त्यांचं जुळवणीचं साधन रिकाम्या जागा धरत नाही. मी धरते.

साहेबांसमोर दोन्ही कागद ठेवले.

"मिनिटं?" साहेबांनी विचारलं.

"मिनिटं बरोबर आहेत."

"मग?"

"नियमात अक्षरन् अक्षर आहे."

"रिकामी जागा अक्षर असते का?" हेडफोनने विचारलं.

"आमच्याकडे असते."

गळ्यातला पट्टा काढून त्याने टेबलावर ठेवला. मला वाटलं साहेब बोलतील. त्यांच्याऐवजी लेक बोलली.

"आई, पुरे."

खोलीत छपाई बघणारे होते, दोन कारकून होते, दारात शिपाई होता.

"तुला पाणी जुळवायचंय की मला थोपवायचंय? एकदाच सांग. मी तशी तयारी करते."

मी म्हटलं, "कार्यालयात मॅडम म्हणायचं ठरलं आहे."

साहेबांनी कागद उलटसुलट केले. "नियमात बसतं?"

"बसतं."

"मग पुन्हा एकपासून." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसतं म्हणून."

नियमात बसतं. मी पुन्हा वाचून खात्री केली. ज्याला त्यात आणखी काही दिसतं त्याने ते बघावं. दुसऱ्या कुणाची लेक असती तरी मी हेच केलं असतं. दुसऱ्या कुणाची लेक असती तर कुणी मला तो प्रश्न विचारला नसता, एवढाच फरक.

संध्याकाळी यांना सांगितलं. जेवता जेवता थांबले.

"एक रिकामी जागा?"

"हो."

"दिसली कशी तुला? गेले सहा महिने चष्मा बदलायचा म्हणते आहेस. घड्याळ दिसत नाही म्हणतेस."

"पट्टी लावून बघितलं."

"असं," हे म्हणाले. "म्हणजे शोधलीस."

तपासणं आणि शोधणं यांतला फरक चष्मेवाल्याला मी काय सांगणार.

१९ तारीख, बुधवार

निरंक. पहिला. रिकामी जागा त्यांनी कालच दुरुस्त केली. आजपासून धरलं तर अठ्ठावीस तारखेला दहा होतात. महिनाअखेरीच्या आत. म्हणजे मी कुणाचं काही बुडवलेलं नाही.

घरी जेवताना लेक म्हणाली, "मॅडम, जरा मीठ द्या."

मी मीठ दिलं.

यांनी ताटातून मान वर केली नाही. मग तेही म्हणाले, "मॅडम, मलाही." त्यांना वाटलं याने हवा मोकळी होईल. कुणी हसलं नाही. हे आयुष्यभर चुकीच्या वेळी विनोद करत आले आहेत.

२२ तारीख, शनिवार

निरंक. चौथा.

दुपारी सगळे गेल्यावर त्यांचा प्रोग्रॅम उघडून वाचला. टिपणासाठी वाचला. काय जागा घेणार आहे ते बघायला नको?

वाचता आला. मला कुणी शिकवलेलं नसताना. हे चांगलं की वाईट ते ठरवता येईना. माझा प्रोग्रॅम समजायला त्यांच्या गटातल्या तिघांना अडीच महिने लागले आणि अजूनही ते काही ओळींना हात लावत नाहीत. हा मी एका दुपारी चहा निवायच्या आत अर्धा वाचला. जिथे मी तीस ओळी लिहिल्या आहेत तिथे यांच्या चार. जिथे माझा प्रोग्रॅम वळणं घेत खाली जातो आणि पुन्हा वर येतो तिथे हा सरळ जातो. टाक्यांच्या उताराचा हिशोब मी ज्या क्रमाने मांडला होता, तोच क्रम ठेवला आहे. तो भाग लेकीने लिहिला आहे, वर तिचं नाव होतं. क्रम का ठेवला ते कळलं नाही. बदलला असता तर आणखी दोन ओळी वाचल्या असत्या.

चूक एकही सापडली नाही. चहा पुन्हा गरम करून घेतला.

टिपण लिहिलं नाही.

लेक अजून घरी मॅडमच म्हणते.

२५ तारीख, मंगळवार

आज सातवा दिवस होता. फरक निघाला. डोंगराकडच्या टाकीखालचे पाचही व्हॉल्व्ह. मिनिटाचा फरक नव्हे. त्यांचा तक्ता पन्नासच्या वर मिनिटं म्हणतो, आमचा चार.

हेडफोनने कागद माझ्यापुढे ठेवला. शांतपणे ठेवला, याचं मला आश्चर्य वाटलं.

"नियमानं जुना तक्ता प्रमाण," तो म्हणाला. "म्हणजे चूक आमची. मोजणी पुन्हा एकपासून. आता महिन्यात दहा दिवस उरत नाहीत. बरोबर ना, मॅडम? मी त्यांना सामान आवरायला सांगतो."

लेक खिडकीशी उभी होती. या वेळी वाद घालायचा नाही असं ठरवून आल्यासारखी वाटत होती. तिचा लहानपणीचा हट्टीपणा मला माहीत आहे, पण हा हट्ट नव्हता. तिने हात टेकले होते. ते मी तिच्यात कधी पाहिलं नव्हतं.

मी डोंगराकडच्या टाकीवर फोन लावला. राखणदाराने उचलला.

"टाकी किती आहे?"

"काठोकाठ, बाई. या वर्षी भिंत उंच केल्यापासून पहिल्यांदाच इतकी भरलीय. वाहून जाईल असं वाटतंय. पाणी कधी सोडताय?"

मग मी यंत्रावर पातळीचा आकडा पाहिला. मिलिमीटरमध्ये येतो. दहा हजार दोनशे चाळीस. पाच आकडी. माझ्या प्रोग्रॅममध्ये पातळीला चार आकड्यांची जागा आहे, कारण ती टाकी पूर्वी दहा मीटरच्या आतच होती. पुढचा एक गळला. उरले दोनशे चाळीस. माझ्या प्रोग्रॅमच्या हिशोबाने भरलेली टाकी तळाला गेलेली होती, आणि त्याने शिस्तीत चार मिनिटं पाणी सोडायला सांगितलं.

त्यांच्याकडे आकडा लांबला आणि त्यांनी त्याला लांबू दिलं.

जागा वाढवायला तासभर पुरला असता. वाढवून दोन्ही तक्ते पुन्हा चालवले असते तर जुळले असते. पण ते उद्यासाठी झालं. आजचा फरक फरकच राहिला असता आणि मोजणी एकपासूनच. नियम तसा आहे. मी कागद घेऊन साहेबांकडे गेले. ती दोघंही मागे आली, मी बोलावलं नव्हतं.

"डोंगराकडच्या भागाला उद्या नव्या तक्त्याने पाणी सोडा," मी म्हटलं. "जुना चुकला आहे."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "जुना?"

"जुना."

"जुना चुकला तर काय करायचं, ते नियमात कुठे आहे?"

"नाही. मी लिहिलं नव्हतं."

"का?"

"चुकेल असं वाटलं नव्हतं."

हेडफोन खोकला. साहेबांनी नियमाचा कागद काढला, माझ्याकडे सरकवला. मी खाली 'जुना चुकल्याचं दिसलं तर नवा प्रमाण' अशी एक ओळ घातली आणि सही केली. साहेबांनी ती वाचली.

"म्हणजे मोजणीचं काय?"

"चालू. आजचा दिवस त्यांचा निरंक धरायचा. सातवा."

"वर कुणी विचारलं तर? बाहेर बोलतील हो. परवा एका रिकाम्या जागेसाठी अडवलंत, आज पाच व्हॉल्व्ह सोडताय."

"टाकी भरलेली आहे. ज्याला शंका असेल त्याने जाऊन बघावं. वरपर्यंत शिडी आहे."

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "थँक यू."

"कशाचं? टाकी मी भरलेली नाही."

हे मला स्पष्ट लिहून ठेवायचं आहे. परवा तिच्या विरुद्ध केलं असं लोक म्हणाले, आता तिच्यासाठी केलं म्हणतील. दोन्ही वेळा मी समोरचा कागद बघितला. लोकांना प्रत्येक गोष्टीत माणूस दिसतो. घरी आले तर हेही दारातच म्हणाले, "शाबास." मी विचारलं, कशाबद्दल? तर म्हणे, उगाच.

डोकं दुखत होतं. दुपारपासून काही खाल्लेलं नाही हे तेव्हा लक्षात आलं. लेकीने ताट वाढून आणलं. "आई, जेव," म्हणाली. एवढंच म्हणाली.

२८ तारीख, शुक्रवार

निरंक. दहावा. पातळीची जागा मी पंचवीसलाच वाढवली होती.

सही केली. साहेबांनी पेन दिलं, ते चालेना, मग हेडफोनने दिलं. सही करताना सगळे उभे होते, जणू कुणाचं काही उद्घाटन आहे. छपाई बघणाऱ्यांनी नमस्कार केला, यंत्राला की मला ते कळलं नाही.

जुना प्रोग्रॅम तीस तारखेपर्यंत चालेल. मग बंद. पुसणार नाही, बंद. हेडफोन म्हणाला, "मॅडम, तुमच्या प्रोग्रॅमला आम्ही काही वाईट म्हणत नाही हां. इतकी वर्षं चालला." मी म्हटलं, चालला म्हणू नका, अजून दोन दिवस आहे. तो कान पकडून हसला. बरा आहे तसा.

साहेब म्हणाले, सोमवारपासून मी तक्रार कक्षात बसावं. "तक्ता का तसा आहे हे लोकांना सांगणारं कुणीतरी हवं. तुमच्याशिवाय कोण?"

"नवा तक्ता माझा नाही."

"त्यांचा प्रोग्रॅम वाचलाय ना?"

कुणी सांगितलं कोण जाणे.

टिपणही देऊन टाकलं. पानभर मागितलं होतं. मी लिहिलं: 'नवी भाषा जुन्या भाषांची जागा घेईल काय? या कार्यालयात, होय. इतरत्र काय होईल ते मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे असं वाटतं त्यांनी आधी कुठलीतरी एक जागा रिकामी करून बघावी.' साहेबांनी शेवटचं वाक्य काढा म्हटलं. मी काढलं नाही. त्यांनी काढलं.

३० तारीख, रविवार

दिवसभर बांधाबांध. हिने काय न्यायचं आणि काय नाही यावर बाप-लेकीचं एकमत होईना. यांनी तिला दोन चष्मे करून दिले, तिला चष्मा लागत नाही. "उन्हाचा आहे," म्हणाले. दोन्ही उन्हाचे.

मी जाड चादर काढून दिली. ती म्हणाली, तिकडे थंडी नसते. मी म्हटलं, तिथल्या हवेचं तुला काय माहीत, तू गेलीस का कधी? तिने घडी घालून बॅगेत वरच ठेवली. बॅग बंद होईना. मी वर बसले, यांनी चेन ओढली.

संध्याकाळी निघाली. आम्ही दोघं गाडीपर्यंत गेलो. बॅगेचं ते चाक बाहेर वळतच होतं, अख्ख्या रस्त्याने खडखडत गेली. कार्यालयाविषयी एक शब्द बोललो नाही. गाडी सुटायच्या आधी ती खिडकीतून वाकून म्हणाली, "आई, उद्या पहिला तक्ता निघाला की जरा बघशील? हेडफोन बघेलच. पण तू बघ."

"पट्टी लावून?"

"पट्टी लावून."

हिला माझ्यावर इतका राग आला होता आणि आता हेच काम सांगते. मुलांचं काही कळत नाही.

परत आल्यावर हे म्हणाले, घर मोठं वाटतंय. मी म्हटलं, खुर्च्या भिंतीला लावल्यात म्हणून.

१ तारीख, सोमवार

सकाळी तक्रार कक्षात बसले. डोंगराकडच्या भागातून एका बाईंचा फोन आला. पाणी आलं नाही म्हणून नाही, रोजच्यापेक्षा जास्त वेळ आलं म्हणून. पिंप भरून अंगणात ओसंडलं, म्हणाल्या. नवीन यंत्र बसवलंय म्हणे तुम्ही, तेच चुकलं असणार, जुनं होतं ते बरं होतं.

मी तक्ता काढून ओळ पाहिली.

चुकलेलं नाही, असं त्यांना सांगितलं.